जात्याचा खुंटा

"माझ्याच घरी जायला तिकीट?" आई खिडकीतल्या माणसाला म्हणाली आणि मी घाईनं तिचा पदर ओढला.

माणूस बिचारा बावचळला. "आजी, सगळ्यांनाच आहे. ऐतिहासिक वनोद्यान आहे हे. धबधबा, जुनी पायऱ्यांची वाट, गाव-अवशेष, सगळं एका तिकिटात."

"काय शेष?"

"मामी, मी काढतो," म्हणत यशवंत पुढे झाला. त्याला वाटलं, म्हातारी पैशांवरून अडलीय. यशवंत म्हणजे माझा ठरलेला नवरा. लग्न पुढच्या रविवारी होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्याच्या मागे त्याची आई, सुमतीबाई, इस्त्रीची साडी सावरत उभ्या होत्या. तालुक्याच्या गावी त्या शाळेत शिकवायच्या, यशवंतही शिकवायचा. आपल्याच जमातीतलं, पण दोन पिढ्या शिकलेलं घर. असं स्थळ आमच्या वसाहतीत कुणाला आलं नव्हतं. लग्नाआधी दोन्ही घरांनी कोंडधारेच्या देवीला जाऊन यावं, आणि ते नवीन उद्यानही बघावं, ही कल्पना सुमतीबाईंचीच.

आता सांगायला हरकत नाही. मी त्यांना खोटं सांगितलं नव्हतं, पण खरंही सांगितलं नव्हतं. आम्ही वसाहतीत राहतो, एवढंच सांगितलं होतं. ही वसाहत ज्या गावाला उठवून केली ते कोंडमाळ याच उद्यानाच्या आत, धबधब्याच्या माथ्यावर होतं, हे मी गिळलं होतं. आम्हाला उठवलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. हायस्कुलात, कॉलेजात सगळीकडे 'उठवलेली' हेच आमचं आडनाव. "ए उठवलेली, सरक जरा." तेवीस वर्षांची होईपर्यंत मला त्या शब्दाचा इतका कंटाळा आला होता की सासरच्या दारात तरी तो माझ्याआधी पोचू नये, एवढीच माझी इच्छा होती.

आदल्या दिवशी मी आईला हात जोडले होते. "तिथं काही बोलू नकोस. आपलं घर, आपलं शेत, काही काढू नकोस. माझं लग्न आहे."

"मी कशाला बोलंल?" आई म्हणाली होती.

इतक्या पटकन ती कधी कशाला कबूल होत नसे. तिथंच मला कळायला हवं होतं.

आईचं नाव ठकूबाई. अंगानं काडी, पण चालायला लागली की बरोबरच्याला धाप लागायची. फाटकातून आत शिरल्या शिरल्या तिनं चपला काढून पिशवीत घातल्या आणि अनवाणी पुढे निघाली. काखेला एक गाठोडं. मी घ्यायला गेले तर तिनं दुसऱ्या काखेला केलं.

"काय आहे त्यात?"

"भाकरी."

भाकरीचं गाठोडं असं खाली ओढत नाही. पण सुमतीबाई शेजारी होत्या, मी वाट धरली.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. धबधब्याची धार बारीक झालेली, पण आवाज तोच. खुरासणीची पिवळी फुलं जागोजाग. उद्यानवाल्यांनी वाटेवर बाण रंगवले होते, कठडे लावले होते, दर वळणावर बाक टाकला होता. आई एकाही बाकावर बसली नाही. ती बसली ती एका बिनबाकाच्या वळणावर, एका दगडापाशी. डोक्यावरचा हंडा वाकता न वाकता उतरवता यावा, बरोबर तेवढ्या उंचीचा दगड. मी तिथं तिच्याबरोबर शेकडो वेळा बसले होते. माझेही पाय आपोआप थांबले.

"इथं छान सावली आहे," मी सुमतीबाईंना म्हटलं. किती सराईतपणे म्हटलं ते आठवलं की अजून लाज वाटते.

आमच्या पुढे पुण्याकडचा एक घोळका चालला होता. त्यांच्याबरोबर उद्यानाचा गाइड होता, गळ्यात ओळखपत्र घातलेला. "या पायऱ्या गडावरच्या घोडदळासाठी खोदलेल्या," तो सांगत होता.

"घोडं?" आई पुटपुटली. "हितून शेळी घसरायची."

यशवंत हसला. "मामी, तुम्ही आधी आला होतात का इथं?"

मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. "व्हय," ती म्हणाली, "येऊन जाऊन असायचे."

माथ्यावर पोचलो. देवीचं ठाणं तेवढं जसंच्या तसं होतं. ओटी भरली, नारळ फुटला. सुमतीबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मला वाटलं, सुटले. आता खाली उतरायचं, एसटीत बसायचं, झालं.

तेवढ्यात गाइडनं हाक दिली, "मंडळी, आता गाव-अवशेष बघू या."

आई उठून त्यांच्या मागे निघालीसुद्धा.

कोंडमाळात बावीस घरं होती. छपरं गेली होती, जोती तेवढी उरली होती. त्या जोत्यांवरचं गवत कापून, कडेनं चुना मारून त्यांनी ती नीटनेटकी केली होती. प्रत्येकावर नंबर. आमचं घर नऊ नंबर. आणि आमच्या नऊ नंबरच्या ओट्यावर, सिमेंटच्या चौथऱ्यावर, साखळीच्या आत आमचं जातं मांडलं होतं. शेजारी पाटी. त्या पाटीतलं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे. 'धान्य दळण्याचे पुरातन जाते. काळ अंदाजे तीनशे वर्षांपूर्वीचा. गडावरील शिबंदीसाठी येथे पीठ दळले जात असावे. कृपया स्पर्श करू नये.'

गाइड तेच मोठ्यानं सांगत होता. जात्याच्या तोंडात लोकांनी नाणी टाकली होती. एकानं कुंकूही वाहिलं होतं.

आईनं गाइडचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाळा, त्ये उलटं हाय."

"काय उलटं?"

"वरचा दगूड उलटा बशिवलाय. टाकी मारल्यालं खरबरीत तोंड वर केलंया. तोंडावर पडून कोन दळतं काय?"

घोळक्यात कुणीतरी हसलं. गाइड ओशाळला, पण पाटी त्याच्या बाजूची होती. "आजी, तज्ज्ञांनी बसवलंय ते. तीनशे वर्षांपूर्वी अशीच पद्धत असेल."

"तीनशे?" आईनं कमरेवर हात ठेवला. "मंग माझं वय किती झालं सांग बरं. ह्ये जातं माझ्या बापानं माझ्या लग्नात दिलं. त्या पायऱ्यांवरनं डोक्यावर आणलं, वरचा दगूड एक दिस, खालचा दुसऱ्या दिशी. त्याची मान म्हैनाभर वळत नव्हती. आन् ही टाकी मारलीया ती गाव उठायच्या आदल्या शिमग्यात, आमच्या वडारणीनं. शिबंदी म्हनं."

मी तिचा दंड धरला. "आई, चल."

"आनि ह्ये घर," ती थांबतेय कुठली, "नऊ लंबर म्हंजी आमचं. ही माझी लेक त्या कोपऱ्यात जल्मली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घोळका, गाइड, यशवंत. सुमतीबाईंच्या चेहऱ्यावरचं मला काही कळेना. सासरपासून झाकून ठेवलेलं आईनं एका दमात उघडं केलं होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"शेवंता," यशवंत हळूच म्हणाला, "तू म्हणाली नाहीस कधी."

मी मान खाली घातली.

आईनं गाठोडं सोडलं. त्यात हळकुंडं होती, सुपारी होती, आंब्याचे डहाळे होते, मूठभर नाचणी होती. आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला खुंटा होता. जात्याचा लाकडी खुंटा, हातानं हातानं गुळगुळीत झालेला.

तो खुंटा बघितला आणि मला ती सकाळ आठवली. ट्रक दारात उभा होता. माणसं म्हणत होती, जड सामान दुसऱ्या खेपेला नेऊ, आत्ता भांडी आणि माणसं. आईनं जात्याच्या तोंडात मूठभर नाचणी टाकली, कारण जातं रिकामं ठेवून घराबाहेर पडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मग खुंटा उपटून कमरेला खोचला. खुंटा घरधनिणीजवळ असला म्हणजे ती बाहेर गेलीय, घर मोडलेलं नाही, असं आमच्या बाया मानत. दुसरी खेप आलीच नाही. आठ दिवसांनी बाप जातं आणायला गेला तर वाटेवर फाटक लागलेलं होतं. तो तीनदा गेला. पुढच्या पावसाळ्यात तापानं गेला.

"लेकीची हळद घरच्या जात्यावर दळायची," आई म्हणाली. आता ती फक्त माझ्याशी बोलत होती. "ह्या घरातल्या समद्या लेकींची दळली. तुझ्या आत्यांची दळली. तुझीच तेवढी गिरनीतली का?"

आणि ती साखळी ओलांडून आत गेली.

गाइड धावला. "आजी, बाहेर या. साहेब मला बोलतील." आई वरच्या दगडाला भिडली होती. नाणी खणखणत खाली सांडली. पण तो दगड एकट्या बाईनं उलटायचा नव्हता. त्याला दोघी लागतात, एकीनं उचलायचं आणि एकीनं कड सांभाळायची. आईनं दोनदा जोर लावला. दगड बोटभर उचलला गेला आणि परत बसला. तिसऱ्यांदा तिचा हात चेंगरता चेंगरता वाचला. ती मला हाक मारत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती. मी बोलू नकोस म्हटलं होतं ना, तर तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं होतं.

रविवारचा मांडव माझ्या डोळ्यांपुढे होता. छापलेल्या पत्रिका होत्या. मी सुमतीबाईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझे पाय हलले नसते. मी साखळी ओलांडली.

"कडंला धर," आई म्हणाली, जणू मी मघापासून तिथंच होते.

दोघींनी मिळून दगड उलटला. टाकीचं तोंड खाली गेलं, वर खुंट्याचं भोक आलं. आईनं चिंधीतला खुंटा काढला, भोकात धरला आणि एका दगडानं दोनच ठोके दिले. खुंटा जरा तिरपा होता, आईच्या हाताच्या सवयीनं झिजून तिरपा झालेला, आणि भोकही त्याच बाजूला तिरपं झिजलं होतं. तो असा बसला की घोळक्यातली एक बाई "अगं बाई" म्हणाली. तीनशे वर्षांचं पुढे गाइडनं काही काढलं नाही.

आईनं जात्याला डहाळे बांधले, हळकुंड-सुपारी बांधली. कुंकू लावलं. हळकुंडं जात्याच्या तोंडात टाकली. आणि मग तिनं खुंटा सोडला आणि उठून मागे सरकली.

"आता सवाष्णी बसा," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "विहीणबाई, तुमचा पैला हात लावा. माझा चालायचा न्हाई."

उद्यानाला भिऊन न थांबलेली बाई इथं थांबली. पाटीवरचा हुकूम तिनं मोडला, साखळी ओलांडली, पण विधवेनं लेकीच्या हळदीला हात लावायचा नाही, हे तिनं माझ्या सुखासाठी मुकाट पाळलं होतं. ती ओट्याच्या कडेला, उन्हात उभी राहिली, दोन्ही हात पदरात घेऊन. त्या हातांनी तिनं याच जात्यावर दळून मला वाढवलं होतं. बापामागं रोजगार हमीच्या खडीवर त्याच हातांनी मला बी.ए. केलं होतं.

मला इतका राग आला की मघाची लाज कुठल्या कुठे गेली.

"आई, इकडं ये."

"येड्यावानी करू नको."

"जातं तुझं, खुंटा तुझा, लेक तुझी. मग हात दुसऱ्याचा का? बस."

"शेवंते, शुभकार्य हाय. उद्या काय वाईट झालं तर—"

"झालं तर झालं. तुझ्या हातानं वाईट होणार असेल तर मला ते चांगलं नको. तू बसणार नसशील तर ही हळद मी दळू देणार नाही. कुणालाच."

हे मी सुमतीबाईंच्या तोंडावर म्हटलं. म्हणून झाल्यावर मला कळलं की मी काय म्हटलं. यशवंत आपल्या आईकडे बघत होता. घोळका थांबून राहिला होता, जायचं नाव काढत नव्हता.

सुमतीबाई पुढे आल्या. चपला काढल्या. इस्त्रीची साडी खोचून त्या साखळीवरून आत आल्या, जात्याच्या एका बाजूला मांडी घालून बसल्या आणि समोरच्या मोकळ्या जागेवर हातानं थोपटलं.

"ठकूबाई, बसा," त्या म्हणाल्या. "माझी हळद माझ्या आईनं दारामागून बघितली होती. मी तेव्हा काही बोलले नाही. पोरगी बोलली. बसा."

आई बसली. तिनं पहिला हात लावला. एका खुंट्यावर दोन विहिणींचे हात फिरायला लागले. जातं आधी कुरकुरलं, मग घरघरलं, आणि आई गायला लागली. बाप गेल्यापासून मी तिला गाताना ऐकलं नव्हतं.

*माझ्या जात्या रं दगडा, किती राहिलास उपाशी*
*लेक निघाली सासरी, घास देते तुझ्यापाशी*

पिवळं पीठ सिमेंटच्या चौथऱ्यावर पडत राहिलं. मी ते पदरात गोळा केलं.

साहेब आले तेव्हा हळद दळून झाली होती, आणि आईनं मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात टाकून खुंटा उपटून घेतला होता. आम्हाला ऑफिसात नेलं. साहेब वाईट माणूस नव्हता, घाईत होता. कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा, माहिती नसल्यामुळे आमच्या हातून चुकून झालं. सही करा आणि जा. नाहीतर मला केस करावी लागेल. आणि तो खुंटा इथं ठेवा. वस्तू पूर्ण होतेय, तर तो तिचा भाग झाला."

लिहिणारी मीच होते. मी आईला विचारलं, "काय लिहू?"

"चुकून न्हाई केलं," आई म्हणाली. "चुकून कसं लिवशील?"

मी लिहिलं: 'आमच्या घरी येऊन आमच्या जात्यावर हळद दळली. समजून-उमजून दळली. जाते कोंडमाळच्या ठकूबाई सोमा गभाले यांचे आहे.' खाली आईचा अंगठा घेतला, माझी सही केली. सुमतीबाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि आपलं नाव, हुद्दा, शाळेचं नाव सगळं लिहिलं. शिक्षिकेचं वळणदार अक्षर. यशवंतनं त्याखाली सही केली.

साहेबानं कागद वाचला, डोकं धरलं. "आणि खुंटा?"

आईनं खुंटा कमरेला खोचलेला होता. "माझं घर मोडल्यालं न्हाई," ती म्हणाली आणि दार उघडून चालायला लागली. कुणी अडवलं नाही. केसही झाली नाही. तो कागद त्यांनी कुठल्या फायलीत घातला असेल देव जाणे.

त्या रविवारी तीच हळद मला लागली. आईनं लावली, सगळ्यांच्या आधी. मांडवात कुजबुज झाली. सुमतीबाईंनी एकदा वळून बघितलं, कुजबुज थांबली.

जातं आम्हाला कधीच परत मिळालं नाही. मी अर्ज केले, बाराएक केले. पण त्यानंतर वसाहतीतल्या ज्या ज्या घरी लेकीचं लग्न निघालं, त्यांनी आमच्याकडून खुंटा नेला, फाटकावर तिकिटं काढली आणि वर जाऊन हळद दळली. दरवेळी नवीन साहेब, दरवेळी नवीन पाटी. पाटीवरची तीनशे वर्षं मात्र उद्यानवाल्यांनी खोडली. आई गेली तेव्हा खुंटा माझ्याकडे आला.

या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. यशवंत दोन वर्षांपूर्वी गेला. आता आमच्या रेवतीचं लग्न ठरलंय. गेल्या आठवड्यात मी ट्रंकेतून खुंटा काढला, चिंधी बदलली आणि यशवंतच्या बहिणीला फोन लावला, की वन्सं, वर जायचंय, पहिला हात तुम्ही लावा, मी खाली फाटकापाशी थांबेन. शिकलेली बाई मी, भाषण देऊ शकेन या विषयावर. पण पोटच्या पोरीचं लग्न निघालं की जीव घाबरतो. आई त्या ओट्याच्या कडेला का उभी राहिली होती, ते मला फोन हातात असताना कळलं.

रेवती दारात उभी राहून ऐकत होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला.

"आत्या, तू ये नक्की," ती म्हणाली. "पण पहिला हात आईचा. ती बसली नाही तर हळद दळायची नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे."

फोन ठेवून ती माझ्यासमोर बसली. तिच्या मोबाइलवर उद्यानाच्या तिकिटांचं पान उघडं होतं.

"फाटकापाशी कुणी थांबणार नाहीये," ती म्हणाली. "सगळ्यांची काढलीत. नाचणी मूठभर घे, विसरू नकोस."